रिलेचा जोडीदार

[दृश्य: प्रयोगाची पुनर्मांडणी. मैदान, चुन्याच्या रेषा, पवित्र्यात उभी दोन मुलं]

शिट्टी होईल आणि दोघं सुटतील. एक महागड्या खाजगी शाळेतला, दुसरा सरकारी शाळेतला. कडेला बसलेल्या, खाजगी शाळेतल्या श्रीमंत मुलांनी नीट बघायचं आणि शर्यत संपताच सांगायचं: रिलेत मला जोडीदार म्हणून यांतला कोण हवा.

अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी दिल्लीत केलेला हा प्रयोग. रिले जिंकली तर बक्षीस 50, 200 किंवा 500 रुपये. कोणत्या गटाला किती, ते सोडतीने ठरलेलं. आणि एक अट आधीच सांगितलेली: निवडलेल्या जोडीदाराबरोबर नंतर दोन तास घालवायचे.

[दृश्य: धावणाऱ्या पायांचा जवळून शॉट]

सगळी मेख या दोन तासांत आहे. जिंकायचं तर वेगवान मुलगा घ्यावा. पण तो गरीब असेल, तर त्याची सोबतही आली. बक्षीस 500 रुपये असताना फक्त 6 टक्के मुलांनी वेगवान गरीब मुलाला सोडून हळू पळणारा श्रीमंत मुलगा निवडला. बक्षीस 50 वर आलं, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मुलांनी. मुलांना विचारलं असतं, तर भेदभाव क्वचितच कोणी कबूल केला असता. इथे तो रुपयांत मोजला गेला. आणि ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांच्यात हे प्रमाण 12 टक्के बिंदूंनी कमी भरलं.

[दृश्य: शाळेचं फाटक, वर्गांच्या पाट्या]

हे वर्ग मिश्र झाले कसे? सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतल्या खाजगी शाळांना 2007 पासून 20 टक्के जागा वर्षाला लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना द्याव्या लागल्या, त्याही फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात. दर वर्षी तो वर्ग एक इयत्ता पुढे सरके. त्यामुळे एकाच शाळेत खालच्या इयत्ता मिश्र, वरच्या जुन्याच, अशी तुलना आयती मिळाली. काही शाळांत तर अभ्यासगटही नावाच्या आद्याक्षरावरून पडायचे. कोण कोणाशेजारी बसणार, हे पालकांच्या हातात उरलंच नाही.

मिश्र वर्गातली श्रीमंत मुलं समाजकार्यासाठी जास्त पुढे आली, पैसे वाटून देण्याच्या खेळात जास्त उदार निघाली. गणित-हिंदीवर परिणाम नाही. इंग्रजीचे गुण थोडे घसरले, शिव्यांच्या तक्रारी वाढल्या, मारामाऱ्यांच्या नाही.

[दृश्य: प्रवेशाच्या यादीपुढे उभे पालक]

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खाजगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांना बगल देणारा नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आला आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ही मुलं शाळेत आली पाहिजेत, आणि त्याच वर्गात बसली पाहिजेत. रावांचे आकडे एकत्र शिकलेल्या मुलांचे आहेत. आरटीईच्या मुलांची तुकडी वेगळी काढली, तर यातलं काहीच हाती लागणार नाही.