पीठ, मीठ आणि वाचन

श्रोतेहो, नमस्कार.

‘पीठ’ आणि ‘मीठ’ या शब्दांत फरक एका अक्षराचा. धड्यात मुलाने पीठाऐवजी मीठ वाचले, तर आपण चूक सुधारतो आणि धडा पुढे सरकतो. पण केकच्या कृतीत ‘दोन कप मीठ’ असे वाचून बसलेले मूल आपले आपणच थबकते, कारण त्या वाक्याची चव त्याच्या जिभेला कळते. आपण वाचले ते अर्थाला धरून आहे का, हे स्वतःच तपासण्याची ही सवय ओव्हनशेजारच्या ओट्यावर जितकी सहज लागते, तितकी मी अन्यत्र लागलेली पाहिलेली नाही.

त्यासाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते. एरवी कृती आपण वाचतो आणि मुलाला पीठ चाळायला बसवतो. हे नेमके उलटे करावे. कागद मुलाच्या हाती द्यावा, आणि त्याने जे वाचले तेवढेच आपण करावे. ओव्हनचे दार आणि तापलेला ट्रे अर्थातच मोठ्यांकडे.

माझा आठ वर्षांचा भाचा एकदा ओळीवर बोट ठेवून वाचत होता : ‘लोणी व साखर फेटून त्यात चाळून ठेवलेले पीठ घालावे.’ मी पिठाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले. त्याने डब्याकडे पाहिले, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाला, “मावशी, पण हे चाळलं कधी?” ‘ठेवलेले’ या एका शब्दात आधीची अख्खी पायरी दडलेली असते, हे त्याला कोणीही समजावून सांगितले नव्हते. मग कशालाही हात न लावता त्याने कागद शेवटपर्यंत वाचून काढला.

पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने उरकणाऱ्या मुलांना तर ही कृती चांगलीच अडवते. ‘बेकिंग’ एवढे वाचून भागत नाही, कारण सोड्याला फुलण्यासाठी दही किंवा लिंबाचा रस असे काहीतरी आंबट लागते, तर बेकिंग पावडरीत आम्ल आधीच मिसळलेले असते. एकाच्या जागी दुसरे तेवढेच घालून चालत नाही. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा आणि मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, म्हणजे एक विशेषण गाळले की माप तिप्पट चुकते. शिवाय पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आहेतच. ‘पाव चमचा’ वाचून भाचा पावाची लादी शोधू लागला होता, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

अक्षरओळखच कच्ची असेल, तर ती आधी रीतसर शिकवायला हवी. केक ते काम करणार नाही. नवशिक्यासाठी चार-पाच ओळींची कृती ठळक अक्षरांत लिहून द्यावी, आणि तीच पुन्हा पुन्हा करावी. तोच धडा तिसऱ्यांदा वाचायला मुले कुरकुरतात, पण बिस्किटांची कृती तिसऱ्यांदा आनंदाने वाचतात, आणि तोवर ‘मिश्रण’, ‘अर्धा’ यांसारख्या जोडाक्षरांवर अडखळणे बरेच कमी झालेले असते.

पुढच्या खेपेला भाच्याचा कागद हाती घेतला, तेव्हा वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले दिसले : ‘आधि पीठ चाळणे.’ ‘आधी’तली वेलांटी चुकली होती. मी ती तशीच राहू दिली आणि चाळणी काढली.