टोपी वाचली, गणपतराव गेले

नमस्कार मंडळी. पुण्यात राहून शिडाची बोट शिकतोय म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, समुद्र कुठाय? अहो खडकवासला आहे ना, तुमच्या नळाला येतं तेच पाणी. तर आज बोलायचंय स्किपरच्या परीक्षेबद्दल. ती पास झालात की क्लबची बोट स्वतःच्या जबाबदारीवर, दुसऱ्याला सोबत घेऊन बाहेर काढता येते. कोकणात ज्याला तांडेल म्हणतात तोच हा, फक्त आमची बोट 13 फुटांची, एंटरप्राइज जातीची, निळ्या शिडांची, आणि मासे शून्य.

तयारी काय करायची ते पटकन सांगतो. पहिलं म्हणजे गाठी. बोलाइन आलीच पाहिजे, म्हणजे कितीही ओढलं तरी फास आवळत नाही ती. मी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर शिकलो, दोन टॉवेल खाली रस्त्यावर गेले, पण आता डोळे मिटून येते. मग हक्काचे नियम. दोन बोटी समोरासमोर आल्या तर जिला वारा उजव्या अंगानं लागतोय तिचा हक्क, डावीकडून वारा घेणाऱ्यानं बाजूला व्हायचं. परत सांगतो, उजवीकडून वारा, हक्क तुमचा. आणि मागून येऊन पुढं जाणाऱ्यानं लांबून जायचं, हॉर्न वाजवत घुसायचं नाही, हे सिंहगड रोडला कुणी शिकवेल तर बरं होईल. तिसरं, बोट उलटली तर बोट सोडायची नाही, काठ कितीही जवळ दिसला तरी नाही, सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून खाली निघालेल्या फळीवर, चढून वजन टाकायचं, ती सरळ होते. लाइफजॅकेट तर अंगात हवंच. हेल्मेटवर आपण पुणेकरांनी एवढी वर्षं वाद घातला, लाइफजॅकेटवर अजून कुणी मोर्चा काढला नाही हे नशीब.

आता खरी गोष्ट. परीक्षेत एक प्रकार असतो, माणूस पाण्यात पडला तर. खऱ्या माणसाऐवजी तेलाचा पाच लिटरचा कॅन टाकतात, जवळजवळ पूर्ण पाण्यानं भरलेला, त्यामुळे लाटेत नुसतं पिवळं झाकण दिसतं. आमच्या क्लबात त्याला गणपतराव म्हणतात. ओरडायचं, वारा आडवा घेऊन थोडं लांब जायचं, वळायचं, परत येऊन शीड ढिलं सोडून बरोबर शेजारी थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोबतच्या माणसानं पडलेल्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. एकदा नजर हलली की झाकण काय अन् डोकं काय, परत सापडत नाही.

सोबतीला मी नेला मेव्हणा, धायरीचा. दिवस मार्चचा, दुपारी डोंगराकडून वारा सुटलेला, आम्ही वारा पाठीवर घेऊन मस्त चाललेलो आणि परीक्षक सरांनी शेजारच्या मोटारबोटीतून गणपतरावांना टाकलं. मी ओरडलो, माणूस पडला! इथपर्यंत पुस्तकासारखं. मग ओरडलो, बोट कर, बोट कर!

मेव्हणा म्हणाला, "कुठली बोट?"

मी म्हटलं बोट, बोट! तो मागं वळून बघायला लागला. "दाजी, बोट कुठाय? मागनं येतीय का?" मी चिडून स्वतःच हात लांब करून बोट दाखवायला गेलो, त्या नादात टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, सुटला, बोट फिरली आणि बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, इकडून तिकडं असा सपकन गेला. मेव्हणा वेळेवर वाकला. त्याची टोपी नाही वाकली.

आता पाण्यात दोघं. पण मेव्हण्याला उजेड पडला होता, त्यानं हात लांब केला, बोट रोखलं, डोळ्याची पापणी हलवली नाही. मी लांब गेलो, वळलो, परत आलो, शीड सोडलं, बोट अशी थांबली की विचारू नका, आयुष्यात तशी थांबवली नाही. मेव्हण्यानं वाकून अलगद उचलली... टोपी.

मागून सर आले, त्यांच्या मांडीवर गणपतराव. म्हणाले, "टोपी वाचली. गणपतराव गेले."

नापास.

नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये म्हादेई नावाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय, पण त्यांना हा ताप नव्हता, ओरडायला बोटीवर दुसरं कुणी नव्हतंच. तुम्हाला असतं. म्हणून परत सांगतो, काठ सोडायच्या आधी सोबतच्याशी बोला, कुठल्या शब्दाला काय करायचं ते ठरवा, आणि त्याच्याकडून वदवून घ्या. नुसता "हो हो" चालत नाही. आम्ही दुसऱ्या वेळी "खूण धर" असं ठरवलं, घरी सोफ्यावर बसून चार वेळा केलं, सासूबाईंनी विचारलं बरं वाटतंय ना दोघांना. पास झालो.

आता मेव्हणाच परीक्षेला बसतोय, पुढच्या रविवारी, सोबत मी. काल फोन केला, म्हटलं शब्द काय ठरवायचा? तर म्हणतो, "ते पाण्यात गेल्यावर बघू की दाजी."

टोपी घरी ठेवून जाणार आहे. नमस्कार.