भरती किती वाजता आहे?

मंडळी, जंबुसरजवळच्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला वडोदऱ्यातले बहुतेक जण जाऊन आले असतील. भरती चढली की महादेव पाण्याखाली जातो, ओहोटी लागली की पुन्हा दिसू लागतो. वादळ नाही, पाऊस नाही, तरी खंबातच्या आखातात पाणी रोज दोनदा एवढं चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजले. त्यावर चक्रीवादळाचं पाणी चढलं तर?

वादळ येतंय म्हटलं की आपण आधी विचारतो, वारा ताशी किती? अमेरिकेत हरिकेनला १ ते ५ अशी श्रेणी देतात, तीही निव्वळ वाऱ्यावरून. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये ‘कमिल’ आलं, ते पाचव्या श्रेणीचं. २००५ मधलं ‘कतरिना’ तिसऱ्या. कमिलमध्ये घर टिकलं होतं, मग आता कशाला निघायचं, असं म्हणत कित्येक जण थांबले. समुद्र ८ मीटरहून उंच चढला. ती माणसं बेफिकीर नव्हती हो, त्यांनी चुकीचा आकडा धरला होता. मला हे आजही सोसत नाही.

हवेचा दाब १ मिलिबार उतरला की पाणी जेमतेम १ सेंटीमीटर वर येतं. खरं काम वारा करतो, तो पाणी किनाऱ्याकडे लोटतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत फिरतं. तळ उथळ असेल तर त्याला जागाच उरत नाही, ते जमिनीवर चढतं. त्यात आखात नरसाळ्यासारखं निमुळतं असलं की विचारायलाच नको.

आणि वेळ! २९ ऑक्टोबर २०१२ ला आपण कोजागिरीचं दूध आटवत होतो. त्याच पौर्णिमेच्या उधाणावर ‘सँडी’ न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीला धडकलं. ऐन भरतीच्या सुमारास पाणी चढलं आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे बोगदे भरले.

म्हणून हवामान खात्याचं पत्रक नीट वाचा. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छमधल्या जखौकडे येताना त्यात वादळानं चढणाऱ्या पाण्याची उंची २ ते ३ मीटर दिली होती, पण भरतीच्या पातळीच्या वर. तो शब्द निसटला की सगळा हिशेब चुकतो. तेव्हा लाखाच्या आसपास माणसं आधीच हलवली, ते फार चांगलं झालं.

समुद्र आपल्या वडोदऱ्यातल्या न्यायमंदिरापर्यंत येणार नाही. २०२४ चा विश्वामित्रीचा पूर पावसाचा होता. पण जंबुसरकडच्या सखल गावांत आपली माणसं आहेत, कोकणात तर घरोघरची आहेत.

माझी थोरली बहीण श्रीवर्धनला असते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ येणार, त्याच्या आदल्या रात्री मी तिला फोनवर भरतीची वेळ विचारली. तिनं तिथीची पाऊणपट केली. त्रयोदशी, म्हणजे तेराची पाऊणपट, सकाळी आणि रात्री पावणेदहा. (हा हिशेब कोकणातला, खंबातच्या आखातात पाणी उशिरा पोचतं, तिथं बंदराचा तक्ताच बघायचा.) वादळ दुपारी किनाऱ्याला लागलं. तिची कौलं उडाली, माडाची बाग आडवी झाली. पुढची भरती रात्री आली, तोवर वारा पडला होता.