खड्ड्याखाली किती लोखंड उरलंय?

मंडळी, माझ्या दुकानात जुनी दुनळी बंदूक घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो. "आजोबांची हाय, एवढा गंज तेवढा काढून द्या की." गंज काढणं अवघड नाही. पण गंजाच्या जागी पूर्वी लोखंड होतं, ते परत येत नाही. म्हणून गंज काढायचा का, हे मी बंदूक मोजल्याशिवाय सांगत नाही.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात या बंदुका आल्या कुठून? काही शिकारीच्या काळातल्या. दाजीपूरचं रान अभयारण्य झालं 1958 साली, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, आणि बंदुका खुंटीवर गेल्या. काही पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. खुंटीवरची बंदूक वर्षातून एकदा, खंडेनवमीला खाली येते. तिला पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लागतं, फूल वाहिलं जातं आणि ती तशीच परत चामड्याच्या म्यानात जाते. चामडं ओल धरून ठेवतं. आपला चार महिन्यांचा पाऊस, त्यात ते म्यान. बाहेरचा गंज इथून सुरू होतो.

आतल्या गंजाचं कारण वेगळं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाल्यावर त्याचं क्लोराइड होऊन नळीत राहतं, म्हणजे मिठासारखंच एक मीठ, आणि ते हवेतली ओल ओढतं. आमचे जुने लोक नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी करून तेल द्यायचे. ते बरोबर होतं, कारण मीठ पाण्यात विरघळतं. पुढे रॉकेलचा बोळा फिरवायची सवय लागली. रॉकेलनं काजळी निघते, मीठ निघत नाही. वरून चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी नळ्या अशा आतून खाल्ल्या गेल्या.

बंदूक समोर आली की मी आधी ती मधून उघडून रिकामी असल्याची खात्री करतो. मग नळ्या सुट्या करून ट्यूबलाइटकडे धरतो. चांगल्या नळीत उजेडाची गोल वलयं एकात एक दिसतात. खराब नळीत मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. मग नळ्यांची जोडी दोरीला टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखी घुमली तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द आवाज आला तर पट्टी जोडणारी झाळ सुटली आहे आणि पट्टीखाली, जिथं डोळा पोचत नाही तिथं, पाणी शिरलं आहे.

इथं उद्यमनगरातली लेथवाली मंडळी बसली आहेत. तुमच्यातलेच एक मला म्हणाले होते, "बोअर मारून घेऊया की." म्हणजे नळी आतून कापून मोठी करूया. इंजिनाचा सिलिंडर झिजला तर आपण बोअर मारतो आणि ओव्हरसाइज पिस्टन घालतो. बंदुकीला ओव्हरसाइज काडतूस नसतं. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून 18.5 मिलिमीटर, काडतूस त्याच मापाचं. आणि सिलिंडरला जाड भिंत असते; नळीची भिंत पुढच्या भागात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. इंग्लंडच्या जुन्या कारागिरांत 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही खालची हद्द मानतात. 10 थाऊ खोल खड्डा घालवायचा तर सगळी नळीच आतून 10 थाऊनं घासावी लागते. म्हणजे एका मोहरीएवढ्या खड्ड्यासाठी चांगलं लोखंडही गेलं.

म्हणून मी खड्ड्याची खोली नंतर बघतो. आधी भिंत मोजतो, गेजनं, नळी फिरवत फिरवत. जुनी नळी सगळीकडे सारखी जाड नसते. खड्डा कुठं आहे हेही तितकंच महत्त्वाचं. काडतूस बसतं त्या जागी दाब 600-700 बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. तिथं खोल खड्डा दिसला की मी पुढं काही मोजतच नाही. तोंडाकडे दाब उतरलेला असतो. तिथं बारीक ठिपके असतील आणि भिंत जाड असेल तर त्यांना हात न लावणंच बरं. साफ करा, तेल द्या, ठेवा.

गारगोटीकडचे एक गृहस्थ आले होते. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, म्हणजे दमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून सांधलेली. अशा नळीचे सांधे शेकड्यांनी, आणि गंज सांध्यातून आत जातो. खाली ठप्पे पाहिले, नायट्रो प्रूफचा ठप्पा नव्हता. म्हणजे ती काळ्या दारूसाठी तपासलेली, आजच्या काडतुसासाठी नाही. उजव्या नळीची भिंत 27 थाऊ भरली. डावीची, बरोबर डाव्या हाताची मूठ येते तिथं, 14. मी त्यांचा हात त्या जागेवर ठेवला आणि म्हटलं, "काका, बार काढताना तुमची बोटं इथं असतात." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "निदान काळी तरी करून द्या." तेही मी नाकारलं. उकळत्या क्षारात बुडवून काळी करण्याची पद्धत दुनळीला चालत नाही. झाळ खराब होते आणि क्षार पट्टीखाली अडकून राहतात. पॉलिश मारली तर लाटांची नक्षी आणि ठप्पे दोन्ही पुसट होतात. आम्ही फक्त मऊ फडक्यानं तेल लावून सुटा गंज काढला, दस्त्याला जवसाचं तेल दिलं. म्यान मी त्यांना परत नेऊ दिलं नाही.

बंदूक वाजवायची नसली तरी परवान्याचं नूतनीकरण चुकवू नका. कायमची निकामी करून घरात ठेवायची असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे, अर्ज परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे करायचा. आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच. ओळखीच्या लेथवर नळी चढवणं कायद्यानं गुन्हा आहे. उद्या कुणाला दाखवायची असेल तर बंदुकीबरोबर परवाना आणा, आणि येण्याआधी काचपेपर लावू नका. मला खड्डे जसे आहेत तसे बघायचे असतात.