कोणाली गो तूं?

श्रोतेहो, नमस्कार.

पेडण्यात आमच्या वाड्यावरची म्हातारी माणसं पोरांना नाव विचारत नसत. विचारत, "कोणाली गो तूं?" म्हणजे कुणाची तू. आजोबांचं नाव सांगितलं की समोरचा चेहरा उजळायचा, हातावर गुळाचा खडा यायचा. माझं स्वतःचं नाव त्यांतल्या कितीतरी जणांना कधी कळलंच नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. आपण कोण, हे गावाला माहीत आहे, एवढं पुरे होतं.

पुढे शिकायला पुण्याला गेले. पहिल्याच आठवड्यात एक मैत्रीण म्हणाली, "गोव्याची असून मराठी किती छान बोलतेस!" कौतुकच होतं ते, पण रात्री मला झोप येईना. आमच्या देवळात आरत्या मराठीत, जत्रेतला दशावतार मराठीत, शाळा मराठीत. घरातला लाड आणि भांडण मात्र कोकणीत. यात दोन गोष्टी आहेत, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं. सुट्टीत घरी आले तर शेजारीण म्हणाली, "तूं आतां पुण्याची जालीं गो." तेव्हापासून मी दोन्हीकडे शब्द निवडून बोलू लागले. तिकडे कोकणी हेल लपवायचा, इकडे पुणेरी.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली लिहिलं की माणूस इतरांच्या नजरेच्या आरशात स्वतःला बघतो. आपण त्यांना कसे दिसत असू, ते काय ठरवत असतील, याची कल्पना करतो आणि त्यावरून अभिमान किंवा शरम वाटून घेतो. कल्पना करतो, हे महत्त्वाचं. त्या मैत्रिणीच्या मनात काहीच नसेल. शरम माझी मीच तयार केली होती.

आपल्या गोव्याला तर हा प्रश्न मतपेटीतून विचारला गेला. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. निकाल लागला, पण एकाच घरातले फूलवाले आणि पानवाले पुढेही एकाच पंगतीत जेवत राहिले. आजही जनगणनेच्या कागदावर मातृभाषेपुढे एकच नाव लिहावं लागतं. तिथे माझा हात थबकतो.

मागच्या मे महिन्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डीला गेले होते. साळावली धरणात बुडालेलं हे गाव. पाणी उतरलं की दर उन्हाळ्यात वर येतं, आणि वाडे आणि वालकिणी या गावांत नेऊन वसवलेली माणसं तिथे जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. त्यांची कारकीर्द मुंबईत झाली, पण गाव आडनाव होऊन सोबत राहिलं. आणि नंतर ते गावच पाण्याखाली गेलं.

सोमेश्वराच्या देवळाजवळ एक आजी नुसत्या जोत्यावर बसल्या होत्या. चिखल वाळून भेगाळलेला. बोटाने दाखवत म्हणाल्या, "ही आमची रांदचीकूड." म्हणजे स्वयंपाकघर. मग माझ्याकडे वळून, "कोणाली गो तूं?"

मी पेडण्याची म्हणाले, आजोबांचं नाव सांगितलं. त्या कुठून ओळखणार? तरी त्यांनी मान हलवली, आणि जोत्यावर थोडं सरकून मला जागा केली.