ब्लिझार्ड (हिमवादळ) थांबला, आता फावडं हळू चालवा

नमस्कार मंडळी! अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूसकडे यंदा पहिलाच हिवाळा काढणाऱ्यांनो, हा व्हिडिओ तुमच्यासाठी.

इथे एवढा बर्फ का पडतो? ईरी आणि ऑन्टॅरिओ सरोवरांचं पाणी हिवाळ्याच्या सुरुवातीला बऱ्यापैकी उबदार असतं. त्यावरून गोठवणारी हवा वाहते, वाफ उचलते आणि किनाऱ्यावर येऊन रिकामी होते. बर्फ पडण्याचा पट्टा अरुंद असतो, म्हणून एका वस्तीत कंबरभर बर्फ आणि थोड्या मैलांवर चक्क ऊन. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो विमानतळावर ४ फुटांहून जास्त बर्फ पडला. त्या वादळात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत अडकून गेली, काही बर्फ काढताना हृदयविकाराने.

ही शेवटची गोष्ट आपली मंडळी हसण्यावारी नेतात. जरा हिशोब करू. ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, वर ३० सेंटीमीटर बर्फ. म्हणजे सव्वापाच घनमीटरपेक्षा जास्त. भुसभुशीत असला तरी साधारण ५०० किलो. ओला असेल तर दीड टन! वर थंडीने रक्तवाहिन्या आवळलेल्या, आणि आपण सकाळी उठून तडक फावडं हातात घेतलेलं. चाळिशी ओलांडली असेल, बीपी असेल, तर पैसे देऊन काम करून घ्या. त्यात कसली लाज?

स्वतः काढणार असाल तर वादळ पूर्ण थांबायची वाट बघू नका. वारा जरा पडला की दर ४-५ इंचांनंतर बाहेर या. बर्फ उचलू नका, ढकला. (फावडं दाखवत) उचलावाच लागला तर अर्धंच भरा, गुडघ्यात वाका आणि कंबर पिळून मागे फेकू नका. छातीत दडपण, घाम, हात जड वाटला, की फावडं तिथेच टाका आणि ९११ लावा.

आता प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारी गाडी. तुम्ही तासभर खपून ड्राइव्हवे मोकळा करता आणि तो येऊन तोंडाशी पुन्हा ढीग लावून जातो. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात तर प्लाऊ डावीकडून येतो. म्हणून बर्फ उजवीकडे टाका, आणि डावीकडे रस्त्यालगत थोडी जागा आधी साफ करा. प्लाऊपुढचा बराचसा माल तिथेच सांडतो.

गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. फर्नेसचा (घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा) पाइप भिंतीतून बाहेर येत असेल तर तोही बघा. स्नो ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र) अडकला तर इंजिन बंद करून काठीने काढा. बंद इंजिनातही पातं झटका देऊ शकतं, हात घालायचाच नाही.

बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ शून्याखाली ९-१० अंशांपर्यंत बरं चालतं. त्याहून गार असेल तर कॅल्शियम क्लोराइड आणा. आणि घरासमोर फायर हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) असेल तर त्याच्याभोवती ३ फूट मोकळे ठेवा, बंबवाल्यांना तो शोधत बसायला लागू नये.