त्रास न देणाऱ्या आजी

श्रोतेहो, नमस्कार.

वृद्धाश्रमात विचारपूस करायला गेलं की बरेचदा ऐकू येतं, "आजींचा काही त्रास नाही हो. दिलं ते खातात, बसवलं तिथे बसतात." मुलगा निर्धास्त होऊन परतीची विरार लोकल पकडतो. मला मात्र या वाक्याची धास्ती वाटते. भांडणाऱ्या, "मला घरी न्या" म्हणून रडणाऱ्या आजींकडे लक्ष जातंच. गप्प झालेल्या आजी नजरेतून सुटतात.

म्हातारपणातलं नैराश्य दर वेळी डोळ्यांतून वाहत नाही. जेवण कमी होतं, पहाटेच जाग येते, अंग दुखतं, आणि आपण म्हणतो, वय झालं! वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली १९८६ पासून वापरात आहे. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिच्यावरून निदान होत नाही, पण मानसोपचारतज्ज्ञांना कोणाला दाखवायला हवं, ते कळतं. प्रत्येक आश्रमात ती असायला हवी.

कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत पडून राहिले, तर विसराळूपणा वाढला म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. डॉक्टर त्याच दिवशी हवेत.

हे बदल सगळ्यात आधी कळतात ते आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींना. समुपदेशक आठवड्यातून एकदा येणार, मावशी रोज असतात. त्यांना प्रशिक्षण द्या, त्यांचं म्हणणं नोंदवहीत उतरू द्या. आणि हो, त्यांनाही थकवा येतो, त्यांच्याशीही कोणीतरी बोलायला हवं.

अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध झाले. काही रहिवाशांना स्वतःचं रोपटं निवडून सांभाळायला दिलं, छोटे निर्णय त्यांच्यावर सोपवले. ते इतरांपेक्षा अधिक उत्साही दिसले. परळच्या चाळीत आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला चहात साखर किती हवी, एवढंही आपण विचारत नाही!

टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि येत्या रविवारी आईला भेटायला जाल, तेव्हा ऑफिसात शिरण्याआधी तिच्या मावशींना गाठा. विचारा, आई हल्ली कोणाशी बोलते?